एका ओहोटीचा वेळ

बेलापूर,
रविवार, १९ जानेवारी १९९७

ती. दीपेशदादास,

सा. न. वि. वि. (ही अक्षरं पप्पांनी सांगितली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अर्थपण सांगितला.)

तू म्हणालेलास, इंग्लिशमध्ये लिहिलंस तर तसंच मस्कतच्या समुद्रात टाकीन. म्हणून घे, मराठीत लिहिलंय. चुका काढायच्या नाहीत. मला कॉन्व्हेंटला घालायची आयडिया तुझ्याच काकांची होती, त्यांच्याशी भांड.

न्यूज अशी की मला जॉब लागला! नेरूळच्या एका हॉस्पिटलमध्ये रिसर्च असिस्टंट. तू विचारशील रिसर्च कसला, तर लकव्याचा. आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात ना, ते वारंबिरं काही नसतं. डोक्यातली नस बंद होते. मधला भाग लगेच मरतो, त्याला कोणी वाचवू शकत नाही. पण त्याच्या आजूबाजूचा भाग अर्धमेला पडून असतो. मरणाऱ्या पेशी शेजाऱ्यांवर एक केमिकल ओतत बसतात आणि शेजारीपण हळूहळू मरतात. आमचं औषध त्या शेजाऱ्यांची दारं बंद करतं. बस्स, एवढंच. उंदरांमध्ये जखम अर्ध्यावर आली, दादा, अर्ध्यावर! औषधाला अजून नावसुद्धा नाही, नुसता नंबर आहे. जगात चाळीस हॉस्पिटलं ट्रायल करतायत आणि त्यात एक आमचं. मला तर रात्री झोप नाही, इतकं भारी वाटतंय.

अट एकच, पेशंट सहा तासांच्या आत यायला पाहिजे. आणि तिथेच सगळं अडतं, कारण लोक दोन दोन दिवसांनी येतात. म्हणून डॉ. अस्मिता मॅडमनी मला लोकांना जाऊन सांगायचं काम दिलं. मी सुरुवात कुठून करणार? आपल्या दिवाळे गावातून. परवा तुमच्या घरी, काकीकडे, हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाल्यावर मी उभी राहिले आणि वाण म्हणून सगळ्यांना पत्रकं वाटली. शेजारच्या बायजाबाईने पत्रक उलटंसुलटं करून विचारलं की यात बांधायचं काय. सगळ्या हसल्या. मग मी सहा तास, सहा तास करत बसले, तर कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. अर्ध्या जणींकडे घड्याळच नाही. आणि एकदम मला सुचलं, ओहोटीपण सहाच तासांची असते! मी म्हटलं, डोक्याला एका ओहोटीचा वेळ असतो. ओहोटी लागताना माणूस पडला, तर भरती लागायच्या आत हॉस्पिटलला आणायचा. सगळ्यांना एका झटक्यात कळलं. काकी तर उठून सांगायला लागली की ही आमची पुतनी हाय, डाक्टरीन हाय. मी डॉक्टर नाही हे मी तीनदा सांगितलं, पण ऐकतंय कोण.

मॅडम म्हणाल्या, हे पोस्टरवर टाकू. मीच चित्र काढलं, होडी आणि डोकं. होडी बरी आलीय.

काकाला विचारलं, बीपीची गोळी घेतोस का. म्हणाला, डोकं दुखलं की घेतो. तू जरा ओरड त्याला.

माया अशीच असू दे, आणि पुढच्या वेळी खजूर जास्त पाठव.

तुझी
रुतिका


मस्कत,
१ फेब्रुवारी १९९७

चि. रुतिकास,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. यार्डात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि शेजारच्या केरळवाल्याला अर्थ सांगून दाखवला. त्याचं म्हणणं पडलं की तुझ्या बहिणीला मिनिस्टर करा. मराठीच्या चुका सतरा निघाल्या. अठरावी होडीच्या चित्रात असणार, बघायला मिळाली तर सांगेन.

नोकरीची बातमी ऐकून छाती फुगली. आपल्या घरातलं कोणी पांढरा कोट घालेल असं आजोबांच्या स्वप्नातही आलं नसतं. बाबांचा मला घोर आहेच. गोळीचं मी फोनवर बोललो की ते फोन आईकडे देतात. तू जवळ आहेस, तूच बघ.

तुझी ओहोटी मला आवडली, पण एक सांगू का? तू फ्लॅटमध्ये वाढलीस, म्हणून सांगतो. आपल्या लोकांना ओहोटी म्हणजे घाई नव्हे. पाणी उतरतंय तोवर माणूस जाळं शिवतो, जेवतो, एक डुलकी काढतो आणि बरोबर शेवटाला उठून होडीकडे जातो. अर्ध्या ओहोटीला आपल्यात कोणी उठत नाही. बघ बाई, तुझे पेशंट सगळे एकदमच येतील, भरती लागता लागता. चेष्टा करतोय, रागावू नकोस.

खजूर पाठवतोय. काका-काकूंना नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, तो मागायला नको.

तुझा
दीपेशदादा


बेलापूर,
बुधवार, १९ फेब्रुवारी १९९७

ती. दीपेशदादास,

सा. न. वि. वि.

पप्पांनी यार्डात फोन करून तुला दोन मिनिटांत सांगितलंच. आता मी नीट लिहिते. तुला सुट्टी मिळत नाही, म्हणून सगळं लिहिते.

शुक्रवारी, रथसप्तमीच्या सकाळी, पावणेसातच्या सुमाराला काका होडीतून उतरताना पडला. काकीने त्याला साडेअकराला हॉस्पिटलमध्ये आणलं. म्हणजे पावणेपाच तास झाले होते, सहाच्या आत. तेव्हा वेळेचं टेन्शन घेऊ नकोस. वेळेत आणलं.

मी वॉर्डातच होते. पहिली काय दिसली तर काकाची दाढी. ताजी केलेली, एकदम गुळगुळीत, कानामागे थोडी पावडर राहिलेली. अंगात तू मस्कतहून पाठवलेला पांढरा शर्ट. आणि तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. काकी मला बघून हसली. मी आहे म्हटल्यावर तिला धीर आला असणार.

स्कॅन झाला. पप्पांनी कागदावर सही केली, काकीने अंगठा दिला. साडेबाराला औषध सुरू झालं. एक गोष्ट तुला आधी सांगितली नव्हती. ट्रायलमध्ये अर्ध्या पेशंटना औषध मिळतं आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते मला माहीत नसतं, मॅडमनापण नाही. कोड असतो. तसं केल्याशिवाय औषध चालतं का ते कळत नाही. पण मला आतून वाटतं की काकाला औषधच मिळालं.

दुसऱ्या दिवशी तो खूप अस्वस्थ होता. छताकडे बघून ओरडायचा, डाव्या हाताने हवेत जाळं शिवायचा. नर्सने हात पलंगाला बांधला, काकीने सोडला, असं दिवसभर चाललं. मॅडम म्हणतात, हे औषधानेपण होतं आणि लकव्यानेपण. आता शांत आहे. बोलणं मात्र गेलंय. एकच शब्द राहिलाय, चल. पाणी पाहिजे तरी चल, दुखलं तरी चल. मला बघून रडला, तेव्हापण चल म्हणाला.

पण काही पेशंट तीन महिन्यांत खूप सुधारतात. मी वाचलंय. तू धीर धर, आणि माझ्यावर विश्वास ठेव.

तुझी
रुतिका


मस्कत,
६ मार्च १९९७

चि. रुतिकास,

आशीर्वाद.

रविवारी नाक्यावरच्या बूथवर फोन लावून आईला बोलावून घेतलं. ती रडत नव्हती. उलट सांगत होती की बाबा वाचले ते रुतिकामुळे. मी विचारलं, नक्की कधी पडले. ती म्हणाली, ओहोटी लागली तवाच.

आता माझं ऐक. मी मराठी शाळेत शिकलो, पण तिथीवरून भरती काढायला आजोबांनी शिकवलंय. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. रथसप्तमी, म्हणजे सात. सात त्रिक एकवीस, त्याचा चौथा हिस्सा सव्वापाच. त्या दिवशी सव्वापाचला भरती पूर्ण झाली आणि ओहोटी लागली. बाबा सव्वापाचला पडले. तू पावणेसात लिहिलंस.

दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे मी समजू शकतो. दीड तास समजू शकत नाही. आणि तुझ्या पत्रात पावणेपाच तास, सहाच्या आत, टेन्शन घेऊ नकोस, हे एवढं तीन तीनदा का लिहिलंय? तू चेष्टा करतेस तेव्हा कमी लिहितेस. घाबरतेस तेव्हा जास्त.

सव्वापाच ते साडेअकरा बाबा कुठे होते? दिवाळ्याहून नेरूळला रिक्षाने किती वेळ लागतो, मला माहीत आहे. आणि दाढी कोणी केली?

मी हजार मैलांवर आहे म्हणून मला काहीही सांगावं, असं करू नकोस. खरं लिही.

दीपेश


बेलापूर,
२१ मार्च १९९७

ती. दादा,

नमस्कार.

तुझं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून पाच दिवस ड्यूटी केली. आज लिहिते.

तू म्हणतोस तेच खरं. सव्वापाच. पावणेसात मी लिहिलं. काकीने मला आल्या आल्या सांगितलं होतं की ओहोटी लागली तवा पडला आनि पानी चढाच्या आत आनलाय, तू सांगितल्यापरमाने. ती हसली होती ती म्हणून हसली होती, दादा. शाबासकी मागत होती. मी मनात मोजलं. सव्वासहा तास झाले होते. ट्रायलमध्ये घेता येत नव्हतं. फॉर्मवर पडण्याची वेळ असा एक चौकोन असतो, त्यात मी पावणेसात लिहिलं. मला वाटलं, थोड्या वेळासाठी काकाचं औषध का जावं. माझा त्या औषधावर इतका विश्वास होता.

बाकीचं नंतर बायजाबाईकडून कळलं. काका पडल्यावर दोघींनी मिळून त्याला घरात आणून निजवलं. बायजाबाई म्हणाली की आत्ताच ने. तर काकीने तिला माझं भाषण ऐकवलं. वेळ आहे, अख्खी ओहोटी आहे, रुतिका काय खोटं सांगते का. मग तिने बायजाबाईला काकाजवळ बसवलं. कोळंबी बर्फात घातली, बेलापूरच्या बाजारात नेऊन विकली, नाहीतर ती सडली असती. परत येऊन काकाला पुसून काढलं. न्हाव्याला बोलावलं. पुतणीच्या हॉस्पिटलमध्ये दाढीचे खुंट घेऊन कसं न्यायचं? शर्टाला शेजारच्यांकडून इस्त्री करून आणली. आणि पाणी पार उतरल्यावर रिक्षा केली. तू लिहिलेलंस ना, अर्ध्या ओहोटीला कोणी उठत नाही. ते वाचून मी हसले होते.

सहा तास ही शेवटची हद्द होती, दादा. तोवर थांबा असं नव्हतं. आत प्रत्येक मिनिटाला मरत असतं. हे मला तोंडपाठ होतं, उंदरांचे ग्राफ तोंडपाठ होते, आणि मी बायकांना एक सुंदर वाक्य देऊन आले.

लवकर आणलं असतं तर काका बोलला असता का? मी मॅडमना दुसऱ्याच पेशंटचं नाव घेऊन विचारलं. म्हणाल्या, सांगता येत नाही. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

काकीला मी अजून काही बोलले नाही. बोलायला पाहिजे, नाही का?

रुतिका


मस्कत,
४ एप्रिल १९९७

रुतिका,

आईला सांगायचं नाही.

ती बाबांना भरवते, धुते, कुशीवर वळवते, आणि दर रविवारी मला फोनवर सांगते की मी येलेवर नेला रे. त्या एका वाक्यावर ती उभी आहे. ते तू काढून घेणार आणि मग काय देणार? दुसरं पत्रक?

पोस्टर काढ. नवीन भाषण दे. बायकांना सांग की लगेच आणा. पण बाबांचं नाव घ्यायचं नाही. तुझं मन हलकं करायला माझी आई नाही.

एवढं माझं ऐक. याआधी मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दीपेश


बेलापूर,
२९ जून १९९७

ती. दादा,

नमस्कार. तुझं ऐकायचं होतं. अडीच महिने ऐकलं. आता मी काय केलं ते वाच आणि मग हवं ते लिही.

पोस्टर मी एप्रिलमध्येच काढलं. दिवाळ्यात दोनदा जाऊन सांगितलं की ओहोटी विसरा, पडला की उचला. दोन्ही वेळा काकीच उभी राहिली. म्हणाली की पोरगी उगाच घाबरवते, माझ्या बाळारामला बघा, एका ओहोटीत नेला म्हणून जिवंत हाय. सगळ्यांनी मान डोलावली. जिवंत माणूस समोर बसलेला असताना माझं कोण ऐकणार? काकीला खोटं पाडल्याशिवाय मला ते वाक्य परत घेता येत नव्हतं. मी दोन्ही वेळा खजूर खाऊन परत आले.

नऊ तारखेला नामदेवला लकवा झाला. जेट्टीजवळ राहणारा, तुझ्या वर्गात होता तो. सकाळी आठला पडला आणि दुपारी दोनला आणला. अंघोळ घातलेला. त्याच्या बायकोनेपण मला तसंच हसून सांगितलं की धोंडूबाईने, म्हणजे आपल्या काकीने, सांगितल्यापरमाने. मधल्या वेळात त्याला शक्ती यावी म्हणून दोनदा चहा पाजला होता. त्याला गिळता येत नव्हतं, चहा छातीत गेला. तो सहाव्या दिवशी गेला. याच्या बाबतीत सांगता येत नाही असं मॅडम म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, लगेच आणला असता तर चहा पाजला नसता.

त्याच आठवड्यात कंपनीचा फॅक्स आला. ट्रायल बंद. माणसांमध्ये औषधाचा काही उपयोग दिसत नाही, त्रास दिसतो. दोन ओळी आणि खाली सहीचा शिक्का. उरलेल्या बाटल्या मोजून खोक्यात भरायच्या होत्या, त्या मीच भरल्या. काकाला औषध मिळालं की मिठाचं पाणी, मी विचारलं. तो कागद आपल्याला देत नाहीत म्हणे. मग मी मॅडमना पावणेसातचं सांगून टाकलं. वाटलं, काढून टाकतील. त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, आता काय फरक पडतो. कुठेतरी एका कॉम्प्युटरमध्ये माझं पावणेसात अजून आहे, दादा, आणि कोणी त्यावरून काहीतरी शिकतंय.

मी बुधवारी काकीकडे गेले. सगळं सांगितलं. नामदेवचं, काकाचं, माझ्या वाक्याचं. ती सुके बोंबील निवडत होती, निवडत राहिली. मला वाटलं, समजलं नाही. मग तिने एवढंच विचारलं की न्हावी दाढी करत होता तवा पन आत मरतच होता का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, तो तवापासून चल चल करत होता. न्हाव्याला पन बोलला. न्हावी हसला की शेठला घाई हाय. आनि मी त्याला सांगत होते की थांब, पानी हाय अजून.

मग तिने हात धुतले आणि मला जायला सांगितलं. ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी नामदेवचं तेरावं होतं. मी गेले नव्हते, बायजाबाईने सांगितलं. सगळ्या बायका जमलेल्या असताना काकी उठली आणि म्हणाली की कोनी पान्याकडे बघायचा नाय, मानूस पडला की उचलायचा, मी पानी बघत बसले आनि नवरा घालवला. नामदेवची बायको समोर बसली होती. ती उठून आत गेली.

आता बायका थांबणार नाहीत. माझ्या पत्रकाने जे झालं नाही ते तिने केलं. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं होतं.

माया असू दे असं यावेळी लिहीत नाही. तुला वाटलं तर.

रुतिका


दिवाळे,
१७ ऑगस्ट १९९७

चि. रुतिकास,

आशीर्वाद.

पत्ता बघून दचकू नकोस. गेल्या रविवारपासून सुट्टीवर घरीच आहे. तुझा फ्लॅट इथून चालत वीस मिनिटं, तरी पोस्टाने पाठवतोय. समोर आलो तर काय बोलेन, माझा भरवसा नाही.

मागच्या आठवड्यात बायजाबाईच्या दिराच्या अंगावरून वारं गेलं. पडल्यापासून अर्ध्या तासात हॉस्पिटलला पोचला, लुंगीवर, अंगाला मासळीचा वास तसाच. हात जरा अधू राहिलाय, बोलतो चांगलं. तू केलंस ते बरोबर होतं. हे मी लिहून देतो, म्हणजे पुन्हा तोंडाने म्हणावं लागणार नाही.

आता घरचं. आई बाजारात जात नाही. न्हाव्याला घरात घेत नाही, बाबांची दाढी छातीपर्यंत आलीय. बाबा दिवसातून पन्नास वेळा चल म्हणतात. पाणी पाहिजे असतं, कधी माशी बसलेली असते, कधी काहीच नसतं. आई दर वेळी हातातलं टाकून उठते, चपला घालते आणि दारात जाऊन उभी राहते. मी हाताला धरून आत आणतो. परत चल ऐकू आलं की परत उठते.

खजूर आणलेत. तुझे पप्पा येतील तेव्हा त्यांच्याबरोबर देईन. तू येऊ नकोस. तुझं नाव निघालं तरी आई किती वाजले विचारते.

दीपेश